घरच्या घरी टोमॅटो : सोपी, खात्रीची आणि महागडी पद्धत

साहित्य : डिस्टेंपरची वीस लिटरची रिकामी बादली, एक. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, मिळून बादली भरेल इतकं. निंबोळी पेंड, दोन मुठी. टोमॅटोचं बी, चार-सहा दाणे. पाच फुटी बांबू, एक. जुनी सुती साडी, जिची असेल तिला विचारून. चार-पाच महिने.

वाढणी : चार माणसांना, अधूनमधून कोशिंबिरीपुरती. साधलं तर.

यातला शेवटचा जिन्नस कुठल्याच नर्सरीत मिळत नाही. त्यामुळे बहुतेक नवशिके तो वगळून पुढची कृती करतात. त्यांचं काय होतं, तेही खाली दिलं आहे.

मुहूर्त

टोमॅटो लावायची हुक्की माणसाला वर्षातून दोनदा येते. एकदा भाव चढले की, आणि एकदा मुलांच्या परीक्षा संपल्या की. दोन्ही वेळा चुकीच्या.

आधी भावाचं बघू. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढे गेलं, तेव्हा गॅलऱ्यागॅलऱ्यांतून बी पडलं. आता हिशोब करा. बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला तीन-चार आठवडे, आणि लावणीपासून पहिलं लाल फळ हाती यायला आणखी दोन-अडीच महिने. म्हणजे जुलैच्या भावावर चिडून लावलेला टोमॅटो ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागणार. त्या वर्षी सप्टेंबरातच भाव असे कोसळले की शेतकरी माल रस्त्यावर ओतून मोकळे झाले. शेतकऱ्याचीही गोची हीच असते. फक्त त्याच्या डोक्यावर कर्ज असतं आणि तुमच्या गॅलरीत बादली. पैसे वाचवणं हा हेतू असेल तर हा लेख इथेच मिटावा, पिशवी घ्यावी आणि मंडईत जाऊन दोन किलो आणावेत.

मार्चात लावलं तर काय होतं, ते नीट समजून घेतलेलं बरं, कारण लावतात सगळे मार्चातच. रोप झकास वाढतं. पाडव्याला वीतभर असतं, एप्रिलअखेर कमरेला लागतं. पिवळी फुलं येतात, फोटो निघतात, घरच्या ग्रुपवर पडतात, आत्याचा अंगठा येतो. आणि मग फुलं गळायला लागतात. वाकून बघा. फुलाच्या देठाच्या मध्यावर सांध्यासारखी एक गाठ असते. आधी ती पिवळी पडते, मग नुसतं बोट लागलं तरी फूल तिथून निखळतं आणि अर्धा देठ झाडावर तसाच राहतो. ही कीड नाही आणि शेजारणीची दृष्टही नाही. दिवसा पारा ३५च्या वर आणि रात्री चोविसाच्या खाली उतरायला तयार नाही, अशा दिवसांत परागकण निकामी होतात. बी धरत नाही, आणि ज्या फुलात बी धरायचं नाही ते पोसायला झाड बांधील नसतं. शिव्या सगळे दुपारच्या उन्हाला घालतात, पण टोमॅटोचं खरं वैर उन्हाळ्यातल्या रात्रीशी आहे. दुपारी शेडनेट बांधता येतं. रात्रीला काय बांधणार? नागपूरकरांनी तर मे महिन्यात टोमॅटोकडून काहीच अपेक्षा ठेवू नये. त्या दिवसांत ती ते स्वतःकडूनही ठेवत नाहीत.

तेव्हा मुहूर्त असा : गणपती गेले की बी टाकायचं आणि दसऱ्याच्या आगेमागे रोप बादलीत लावायचं. दिवाळीनंतर फुलं येतात, तोवर रात्री गार झालेल्या असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी फळं. पुण्या-नाशकात मध्येच पारा दहाच्या खाली गेला तर तेवढे दिवस फळधारणा पुन्हा अडते, कारण हे झाड गारठ्यातही काम करत नाही. अँडीजच्या उतारांवरून मेक्सिकोत आणि तिथून पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आलं, आमटीपासून मिसळीपर्यंत सगळीकडे घुसलं, पण पंधरा ते वीस अंशांची रात्र ही आपली मूळ अट त्याने अजून सोडलेली नाही.

बी

पाकिटावरचं चित्र बघून बी घेऊ नये. चित्रातला टोमॅटो कुठेच लागत नाही. परदेशी नावाचं, एकेक फळ अर्ध्या किलोचं होईल असं सांगणारं बी पाहुण्यांना दाखवायला चांगलं. आपल्या उकाड्यात ते पानांपलीकडे फारसं जात नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री, फुले राजा हे वाण इथल्या हवेत वाढवूनच काढलेले आहेत. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक पर्णगुच्छ, करपा आणि जिवाणूजन्य मर या तिन्हींपुढे बऱ्यापैकी टिकतो. ज्यांना पहिल्याच वर्षी यश हवंच आहे, त्यांनी चेरी टोमॅटो लावावा. मोठी फळं ज्या उकाड्यात धरत नाहीत, त्यात हा बऱ्याचदा धरतो. तो आमटीत पुरत नाही ही गोष्ट वेगळी.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात बी पेरावं, नखभर खोल. आठवड्याभरात उगवतं. या आठवड्यात डब्यावर सारखं पाणी मारत बसलं तर रोपं मातीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात.

समजा सहाच्या सहा उगवली. बादलीत रोप एकच लावायचं असतं. बाकीची पाच वाटून टाका किंवा उपटून टाका. एवढं साधं वाक्य, पण नव्वद टक्के नवशिके इथे बिथरतात. सहाही रोपं एकाच बादलीत जातात, एकमेकांच्या पोटावर पाय देऊन वाढतात आणि डिसेंबरात सहा मिळून दोन टोमॅटो देतात. मन घट्ट करावं. नाही झालं तर रोपं शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुणाला तरी द्यावीत, म्हणजे जानेवारीत तुमच्या फळांची तुलना करायलाही कुणीतरी असेल.

बादली

बुडाला पाच-सहा भोकं, बोट जाईल एवढी. भोकं नसतील तर मुळं गुदमरतात आणि भोकं असतील तर सोसायटीचे सेक्रेटरी. ओल्या मातीची बादली पंचवीस किलोच्या आसपास भरते. अशा दहा गच्चीवर एका रांगेत मांडल्या की खालच्या मजल्यावरची बारा वर्षांपूर्वीची ओल त्याच आठवड्यात तुमच्या नावावर लागते. त्यावर तोडगा एकच : बादल्या भिंतीच्या कडेला, विटांवर ठेवाव्यात. पाणी खाली साठत नाही हे दिसतं, आणि एप्रिलात स्लॅब तापतो तेव्हा मुळंही भाजत नाहीत. बादली काळी असेल तर तिला पांढरा रंग द्यावा, नाहीतर गोणपाट गुंडाळावं.

रोप लावताना खालची पानं खुडून खोड निम्म्यापर्यंत मातीत पुरावं. वांग्याला, मिरचीला असं करू नये. टोमॅटोच्या मात्र पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. बांबू त्याच दिवशी रोवावा. महिन्याने रोवला तर तो बरोबर मुळांमधून जातो. साडीच्या पट्ट्यांनी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारायची, एक फेरा बांबूला आणि दुसरा खोडाला. सुतळीही चालते, पण वाऱ्यात ती कोवळ्या खोडाला कापते. सहा तास ऊन हवं, त्यातही सकाळचं असेल तर उत्तम. उत्तरेच्या गॅलरीत टोमॅटो लावून उन्हाची वाट बघू नये. तिथे पुदिना लावावा, तो येतो, कितीही दुर्लक्ष केलं तरी येतो.

पाणी आणि माया

इथे जरा थांबू, कारण घरचे टोमॅटो मरतात ते बहुधा याच मुक्कामावर.

दुपारी दोन वाजता झाड मलूल दिसतं. पानं लोंबतात. बघणाऱ्याच्या पोटात तुटतं, आणि तो तांब्याभर पाणी ओततो. वास्तविक उन्हाच्या वेळी पान मलूल पडणं हा झाडाचा रोजचा कार्यक्रम आहे. संध्याकाळी पुन्हा ताठ होतं. संध्याकाळीही ताठ झालं नाही, तर मातीत बोट दोन पेरं खुपसावं. बोटाला माती चिकटली तर पाणी नको. कोरडं बाहेर आलं तर द्यावं, आणि मग असं द्यावं की खालच्या भोकांतून निथळलं पाहिजे. एवढाच नियम आहे. तो पाळायला घरात बोट मातीत घालणारा माणूस एकच असावा लागतो. प्रत्यक्षात सकाळी बाबा घालतात, दुपारी आजी घालते, संध्याकाळी कामाच्या मावशी भांडी घासून झाल्यावर उरलेलं घालतात, आणि रविवारी सगळे लोणावळ्याला.

या कोरड्या-ओल्याच्या खेळात हिरव्या फळाच्या बुडाला एक पाणचट डाग येतो, मग तो काळा पडतो, चामड्यासारखा दबतो. हा रोग नाही. फळाला कॅल्शियम पुरलं नाही, आणि ते पुरलं नाही कारण पाणी एकसारखं पोहोचलं नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. मातीत ते बहुतेक वेळा असतंच. तरीही कुणीतरी अंड्याची टरफलं घालायला सांगतं. टरफलं कुजून झाडाच्या कामी येईपर्यंत झाड उरत नाही. शिवाय शाकाहारी सोसायटीत ती कुणाच्या घरून आली यावर स्वतंत्र चौकशी बसते. वाळलेल्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं तीन-चार बोटं जाड आच्छादन मातीवर पसरावं. ओल टिकते, बूड काळं पडत नाही, आणि मांजरालाही बादलीचा भलताच उपयोग करता येत नाही.

खताची माया आणखी वाईट. झाड हिरवंगार, खोड अंगठ्याएवढं जाड, पानं तळहाताएवढी, फूल एक नाही. याला झाड माजणं म्हणतात. नत्र जास्त झालं. ताजं शेण, मूठभर युरिया आणि वर आठवड्याला जीवामृत असा थाट ठेवला की झाड पाला वाढवण्यात रमतं. लावताना घातलेलं शेणखत पहिला महिना पुरतं. नंतर फुलं दिसली की दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, बस. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, आंबट ताक, केळीच्या सालीचं पाणी, कुणाच्या मावसभावाने सांगितलेलं बियरचं पाणी, हे सगळं एकाच बादलीत जाणार असेल तर झाडाला निदान आठवड्याची एक सुट्टी द्यावी.

सल्ला देणारे तीन प्रकारचे असतात. गावाकडे शेती असलेले, व्हिडिओ पाहणारे, आणि ज्यांच्याकडे गेल्या वर्षी टोमॅटो आला ते. पहिल्यांचं ऐकावं, पण ते एकराच्या हिशोबात बोलतात. त्याला बादलीने भागावं. दुसऱ्यांना चहा द्यावा. तिसऱ्यांना टाळता येत नाही.

फुलांच्या बाबतीत एक छोटं काम उरतं. टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकत्रच असतात. नुसता हलका हिसका हवा, की पराग आतल्या नळीतून खाली सांडतो. हा हिसका भुंग्यासारख्या, अंग थरथरवून गुणगुणणाऱ्या माश्या देतात. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही. गच्चीवर वारा असतो, त्याने काम होतं. बंद गॅलरीत सकाळी दहाच्या सुमारास बांबूला पेन्सिलीने टिचक्या माराव्यात. बॅटरीवरचा टूथब्रश फुलाच्या देठाला लावला तर उत्तमच, पण समोरच्या गॅलरीत कुणी उभं नाही ना ते आधी बघावं.

कीड

पान हळूच उलटं करा. फांदी हलवल्याबरोबर पांढरा भुगा उडाला आणि पुन्हा जागेवर बसला, तर ती पांढरी माशी. तिच्या रस शोषण्याने फारसं बिघडत नाही. ती पर्णगुच्छाचा विषाणू घेऊन फिरते, ते महागात पडतं. पानं वाटीसारखी वर वळतात, बारीक होतात, शेंड्याला गुच्छ होतो आणि झाड आहे तिथेच थांबतं. याला औषध नाही. ताक मारून बरं झालेलं झाड सगळ्यांच्या ऐकिवात असतं, पाहिलेलं कुणीच नसतं. झाड उपटून पिशवीत बांधून टाकावं आणि माशीच्या मागे लागावं : पिवळा पुठ्ठा, त्यावर एरंडेल, झाडाच्या उंचीवर टांगलेला. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, चिमूटभर साबण घालून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारावं. सकाळी फवारून दिवसभर उन्हात ठेवलं तर माशी वाचते आणि पान भाजतं.

फळ पोखरणारी अळी ओळखायला सोपी आहे, कारण तिला लाज नसते. डोकं फळाच्या आत, धड बाहेर, असं जेवण चाललेलं असतं. हाताने वेचावी. शेतात सोळा ओळी टोमॅटोमागे एक ओळ झेंडूची लावतात, म्हणजे पतंग अंडी झेंडूच्या कळ्यांवर घालतो. बादलीशेजारी एक झेंडूचं झाड ठेवावं. अडचण एवढीच, की झेंडू भरात येतो तेव्हा दसरा असतो, आणि तुमचा सापळा दाराच्या तोरणात लटकलेला सापडतो.

तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला हात लावू नये. ही नैतिक सूचना नाही. तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो, आणि हातावरून थेट जातो. काकांनी आधी साबणाने हात धुवावेत, मग सल्ला द्यावा.

कोकणात आणि गोव्यात मात्र एक वेगळंच दुखणं भेटतं. काल टवटवीत असलेलं झाड आज हिरवंच्या हिरवं मान टाकतं, आणि संध्याकाळीही उठत नाही. खोड बुडाशी कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरा. कापलेल्या टोकातून दुधट धागे खाली उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर. झाड गेलं, आणि ती माती टोमॅटो, वांगं, मिरची यांच्यासाठी पुढची काही वर्षं गेली. नवी बादली, नवी माती, प्रतिकारक वाण किंवा वांग्याच्या खुंटावरचं कलमी रोप, एवढेच मार्ग. त्या जुन्या मातीत भेंडी लावावी.

तोडणी

फळाच्या बुडाशी गुलाबी झाक आली की तोडावं. झाडावर लालबुंद होऊ द्यायचं हे काव्य बुलबुलाला तुमच्याआधी कळतं. तो नेमका पिकलेल्या बाजूला एक चोच मारतो आणि पुढच्या फळावर जातो. झाक आलेलं फळ घरात टोपलीत तीन-चार दिवसांत रंग धरतं, चवीत फारसं उणं नाही. खिडकीत उन्हाला ठेवायची गरज नाही, पिकायला उजेड लागत नाही. फ्रिजमध्ये तर ठेवूच नये. बाजारचा आणि घरचा यांत जो फरक दाखवायला एवढं केलं, तो तिथे दोन दिवसांत मरतो. मार्च-एप्रिलमध्ये फळं पिवळट-नारिंगीच राहू लागली, तर बी चुकीचं नव्हतं. पारा तिशीच्या पुढे गेला की लाल रंगच नीट तयार होत नाही. मग झाड काढावं. रडून उपयोग नाही, मे महिना त्याला झेपत नाही.

फेब्रुवारीत, तुमची टोपली भरलेली असताना, भाजीवाला बहुधा पंधरा रुपये किलोने ओरडत खालून जाईल. गॅलरीत जाऊ नये.

बी धरायचं असेल तर संकरित वाणाचं धरू नये, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही. सरळ वाणाचं सर्वांत चांगलं, पूर्ण पिकलेलं एक फळ चिरून बिया गरासकट वाटीत काढाव्यात, थोडं पाणी घालावं, दोन दिवस तशाच ठेवाव्यात. बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो. तो आंबून सुटला पाहिजे. वर पांढरी साय येते, वास येतो, चिलटं येतात. भरलेल्या बिया तळाशी बसतात, पोकळ वर तरंगतात. गाळणीत धुवून स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवाव्यात. कागदावर वाळवल्या तर कागदासकट पेराव्या लागतात. वाटीवर 'बियाणं आहे, फेकू नये' अशी चिठ्ठी चिकटवावी, ती सगळ्यांनी वाचली आहे ना याची खात्री करावी, आणि तरीही रात्री झोपताना ओट्यावरून एक चक्कर मारून यावी.